गोळीचा दोष आणि आजाराचा दोष : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या आईंना रुमेटॉइड संधिवातासाठी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) मेथोट्रेक्सेट ही गोळी सुरू झाल्यावर दोन वर्षांनी धाप लागू लागली, म्हणजे फुफ्फुसे त्या गोळीनेच खराब केली, आणि मी मात्र आजाराकडे बोट दाखवून औषधाची पाठराखण करतो, असा माझ्या लेखावर आपला आक्षेप आहे.

त्यातले निम्मे मला मान्य आहे. या गोळीमुळे क्वचित फुफ्फुसांना तीव्र सूज येते. ती बहुधा पहिल्या वर्षातच येते, ताप, कोरडा खोकला आणि धाप काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढत जातात, आणि तेव्हा गोळी ताबडतोब थांबवावी लागते. लेखात मी हे एका ओळीत उरकले, ही चूक माझीच.

परंतु आपण वर्णन केलेले दुखणे या चालीचे नाही. ताप नाही, दम महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेला, आणि एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) फुफ्फुसांच्या तळाशी मधाच्या पोळ्यासारखी जाळी. हे चित्र रुमेटॉइड संधिवाताने स्वतःच केलेल्या फायब्रोसिसचे, म्हणजे फुफ्फुसांत वण पडून ती कडक होण्याचे, असते. अशा रुग्णाच्या पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवला की श्वास घेताना सँडलचा चिकटपट्टा उकलल्यासारखा बारीक आवाज येतो. एलमन आणि बॉल या ब्रिटिश डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांतील फुफ्फुसांचा हा विकार 1948 मध्ये नोंदवला, तर रुमेटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1988 मध्ये. त्या जुन्या रुग्णांच्या बाबतीत गोळीला दोष कसा द्यावा?

मग दम गोळीनंतरच का जाणवला? गुडघे धरलेले असताना माणूस जिना चढतच नाही, त्यामुळे फुफ्फुसांची परीक्षाही होत नाही. गोळीने सांधे मोकळे झाले, की दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत जुने दुखणे उघडे पडते. (घरचे बहुधा याला ‘वयाचा दम’ म्हणतात, आणि आम्ही डॉक्टरही कधीकधी तेच म्हणतो.)

आईंच्या बाबतीत नेमके काय झाले, हे कागद न पाहता मी सांगू शकत नाही. गोळी मात्र परस्पर बंद करू नये, कारण सांधे पुन्हा भडकतील आणि फुफ्फुसातील जाळी तशीच राहील. संधिवाताचे आणि छातीचे, दोन्ही डॉक्टरांना एकत्र विचारावे, डीएलसीओची (फुफ्फुसांतून वायू रक्तात किती सहज जातो, याची) तपासणी करून घ्यावी, आणि गोळी सुरू करण्यापूर्वी काढलेला छातीचा एक्स-रे घरी सापडला तर तोही सोबत न्यावा. मात्र तो स्वच्छ दिसला म्हणून तेव्हा काहीच नव्हते असे ठरवू नये. सुरुवातीची जाळी साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही.