दोन घोड्या आणि वरवंटा

गिअरबॉक्स खाली आणायला काही करावं लागत नाही, तो आपणहून येतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्या दुसऱ्या शनिवारी मी गाडीखाली न जाता बाजूला खुर्ची टाकून त्याची वाट बघत बसलो असतो.

गाडी म्हणजे आमच्या आप्पांची जीप. महिंद्राची, सीजे 3 बीच्या घराण्यातली, डिझेल. अमेरिकेत हे मॉडेल 1953 साली आलं आणि 1968 साली बंद झालं. आपल्याकडं मात्र ते त्यानंतरही वर्षानुवर्षं निघत राहिलं. बंद कधी पडायचं हे त्या घराण्याला कळत नाही, आणि आप्पांच्या जीपला तर मुळीच नाही. यंदा तिचा क्लच घसरायला लागला. चढ आला की इंजिन बोंबलायचं आणि गाडी विचार करत बसायची. म्हणजे क्लच प्लेट गेली. प्लेट ही वस्तू नाश्त्याच्या ताटलीएवढी, पण ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसते. तिच्यापर्यंत पोचायचं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. डोळ्यात कचरा गेला म्हणून मुंडकं उतरवून घ्यायचं, तसं.

कोल्हापूर नाक्यावरच्या मिस्त्रीनं मजुरी साडेतीन हजार सांगितली. ती मी दिलीही असती. पण "गाडी सोडून जावा, बघू" असं तो म्हणाला, आणि कराडात 'बघू'ची मुदत दिवाळीपर्यंत असू शकते. त्याच रात्री मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. एक अमेरिकन गृहस्थ घरच्या गॅरेजात, गुळगुळीत काँक्रीटवर गाडी चढवून, खाली उताणा झोपून गिअरबॉक्सचे बोल्ट सोडतो, तो सरळ छातीवर घेतो आणि हसत हसत बाजूला सरकवतो. एकूण वेळ अकरा मिनिटं. मध्ये कापलेला भाग किती तासांचा होता ते मला दिसलं नाही, आणि त्याच्या छातीचा घेर मी बघितला नाही.

"चार घोड्या मागवल्यात," मी सकाळी बायकोला सांगितलं.

"कुणाच्या लग्नाला?"

घोडी म्हणजे जॅक स्टँड. तीन पायांचं, दातेरी खांबाचं लोखंडी तिकाटणं. जॅक गाडी उचलायला आणि घोडी गाडी धरायला, हा यातला पहिला धडा. जॅकचं वायसर गेलं की आतलं तेल गुपचूप मागं जातं आणि गाडी गुपचूप खाली येते. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा, कारण खाली तुम्ही असता. शेजारच्या आण्णांना हे पटलं नाही. त्यांच्या बांधकामातले पोकळ ब्लॉक उरले होते. "ह्याच्यावर दुमजली घर उभं हाय, तुमची जीप काय घिऊन बसलाय," म्हणाले. पण भिंतीत ब्लॉकवर वजन सगळीकडून सारखं पसरलेलं असतं. त्यावर चॅसीची एकच कड टेकली की तो फुटतो, आणि फुटण्याआधी खाकरतसुद्धा नाही. मी ब्लॉक नाकारले. आण्णांनी ते मनात ठेवलं.

चारपैकी दोनच घोड्या आल्या, बाकीच्या सोमवारी येणार होत्या. शनिवारची सुट्टी वाया कशी घालवायची? दोन घोड्या पुढं चॅसीखाली लावल्या, मागची चाकं फरशीवरच ठेवली, हँडब्रेक कचकचून ओढला, वर चाकाला आईचा वरवंटा लावला. पिंट्यानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, आणि मी गाडी दोन्ही बाजूंनी गदागदा हलवून बघितली. जी पडायची ती माणूस बाहेर असताना पडावी, एवढाच त्यामागं हिशोब. ती हलली नाही. आई मात्र हलली. "वरवंटा धुऊन जाग्यावर पायजे," एवढं बोलून आत गेली.

सुरुवात झकास झाली. बॅटरीची वायर काढली. गिअरबॉक्समधलं नव्वद नंबरचं ऑइल घमेल्यात सोडलं. या तेलात गंधकाचा अंश असतो, दातांवरचा प्रचंड दाब सोसायला. त्याचा वास म्हणजे नासकी अंडी, जळका लसूण आणि जुनं पायताण यांचं एकत्र कुटुंब. झाकण सोडताना हात वर असतो, म्हणून तेल आधी मनगटावर, मग कोपरावर आणि शेवटी काखेत पोचतं. घमेल्यात उरलेलं जातं.

मग पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडं ताकद नेणारा दांडा, सोडला. मीटरची केबल काढली. वरून, ड्रायव्हरच्या पायाजवळचा पत्रा उघडून तिन्ही दांडे मोकळे केले. एक गिअरचा आणि दोन फोर-व्हीलचे, कारण या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटीला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, चिकटलेली असते आणि दोघं जोडीनंच उतरतात. साठ-सत्तर किलो. म्हणजे सिमेंटची एक गोणी आणि तिच्यावर भरलेली कळशी. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन एक जॅक लावला, कारण गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी काढली की इंजिनाचा मागचा भारही निराधार होतो. दुसरा जॅक फळीसकट गिअरबॉक्सखाली.

राहिले चार बोल्ट. तीन निमूटपणे सुटले. चौथा वरच्या अंगाला, बोगद्यात. तो दिसत नाही, बोटांनी वाचावा लागतो. गोटी पान्याला दोन एक्स्टेंशन जोडून, एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून मी पंचेचाळीस मिनिटं त्याच्याशी बोलत होतो. आणि त्या निवांतपणात एकदम डोक्यात आलं की या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच! त्याचा ड्रम असतो ट्रान्सफर केसच्या पाठीवर, आणि तो शाफ्टमार्फत चाकं धरतो. तो शाफ्ट तर मी तासाभरापूर्वी काढून तुळशीपाशी ठेवला होता. म्हणजे आत्ता गाडीला कोण धरून आहे?

वरवंटा.

त्याच क्षणी चौथा बोल्ट सुटला.

"ओढ, पण सरळ मागं ओढ," मी पिंट्याला म्हणालो. गिअरबॉक्सचा दांडा क्लच प्लेटच्या आट्यांमधून सरळच बाहेर यायला हवा, लोंबकळला तर प्लेटचा मधला डोळा वाकतो. पिंट्यानं सरळच ओढला. दांडा सुटला, 'खट्ट' झालं, फळी जॅकवरून घसरली आणि गिअरबॉक्सचं तोंड माझ्या छातीवर येऊन टेकलं. शेपूट जॅकवरच राहिली, म्हणून हा लेख लिहितोय. अमेरिकन गृहस्थासारखं हसायचा प्रयत्न मी केला, पण हसायला आधी श्वास आत घ्यावा लागतो.

"मामा, मी कुणालातरी बोलावतो," म्हणून पिंट्या पळाला. त्यानं सगळ्यांना बोलावलं.

पुढची पंचवीस मिनिटं मला फक्त पाय दिसत होते. पहिले आण्णांचे. "ब्लॉक घेतला असता तर..." एवढं बोलून ते थांबले. मग दूधवाल्याचे, गमबुटातले. तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "मालक, उद्या दोन लिटरच का?" मग बायकोच्या चपला आल्या. "अहो, गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय? तो बाहेर उभा आहे." मी "टीव्हीच्या..." एवढंच म्हणू शकलो. ती टीव्हीच्या दिशेनं गेली. कुणाचीतरी कोल्हापुरी आली आणि एका बाजूनं ओढावा की दुसऱ्या, यावर दूधवाल्याचं आणि कोल्हापुरीचं जुंपलं. ओढणार मात्र कुणी नव्हतं, कारण खाली वाकून घुसायला जागा एकाचीच, आणि ती मी अडवली होती.

शेवटी भेगाळलेल्या टाचा आणि नऊवारीचा काठ आला.

"खालनं काय ढकलताय रं?" आई म्हणाली. "हिरीतली मोटर काय खालनं ढकलून काढत्यात व्हय? वरनं दोर सोडा की!"

दोन मिनिटांत पडवीतला सागवानी वासा जीपच्या दोन्ही काठांवर आडवा पडला. पत्रा उघडाच होता, त्या भोकातून सोल खाली आला आणि पिंट्यानं कडेनं हात घालून गिअरबॉक्सला दोन वेढे दिले. गमबूट, कोल्हापुरी आणि आण्णा वर चढले. वीतभर उचलला गेला तसा मी बाहेर सरपटलो.

"तुजा बा असता," आई म्हणाली, "तर त्यानं आदी वरनं दोर बांदला असता, आन् मग खाली..." जरा थांबली. "खाली तो गेलाच नसता. तुलाच धाडलं असतं."

नवीन प्लेट बसवायचं काम रविवारी झालं, आणि त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. प्लेट मधोमध बसावी म्हणून सुताराकडून दांड्याच्या मापाची लाकडी खुंटी करून घेतली. दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते वाटाड्यासारखे लावले, म्हणजे गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत जातो. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. "वर घ्या. आजून. थांबा. आता पुडं." तीन प्रयत्नांत दांडा आट्यांमध्ये शिरला. नवं नव्वद नंबर भरून, गाडी खाली उतरवून मी पहिला गिअर टाकला, आणि ती वरवंट्यावरून उडी मारून गेली. वरवंट्याचा टवका उडाला. तो विषय घरात अजून चालू आहे.

सोमवारी बँकेत कॅश काउंटरला बसलो. तीनदा साबण, एकदा रॉकेल, एकदा हरभऱ्याचं पीठ लावून आंघोळ केली होती, तरी ऑइलचा वास केसांत होताच. मॅनेजरनं शिपायाला पाठवून गॅसगळती तपासली. बाराच्या सुमाराला पेन्शन न्यायला एक म्हातारे आले, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी पासबुक सरकवलं, खिडकीशी वाकले, हुंगले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, नव्वद नंबर?"

"हो."

"गिअरबॉक्स उतरवला काय?"

"क्लच प्लेट."

"घरीच? मग बसवला कुणी?"

मी नोटा मोजता मोजता थांबलो.

"आईनं," म्हणालो, आणि परत पहिल्यापासून मोजायला लागलो.