काही निघालं का?

दर रविवारी सांगलीहून आईचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काही निघालं का?" मी म्हणते, "नाही गं." पलीकडून सुटकेचा निःश्वास. मागून दादा ओरडतो, "मग पेढे वाट की!" रिपोर्टात काही न निघणं ही आपल्याकडे आनंदाची बातमी. मला मात्र तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अडीच वर्षं झाली याला. सकाळी घराबाहेर पडेपर्यंत चार-पाच वेळा धावावं लागतं, जेवल्यावर पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगतं, बेंबीच्या खाली उजवीकडे कळ येते. मग पंधरा दिवस सगळं शांत, इतकं की मी नाटकच करत होते की काय, असं माझं मलाच वाटावं. मी राहते त्या इंग्लंडमधल्या स्विंडनहून लंडनला जाताना शौचालयाजवळची जागा पकडते. इथे गोवेकर बरेच आहेत, त्यांच्याकडे जेवणाचं बोलावणं आलं की मेनूआधी बाथरूम कुठे आहे ते विचारते. मैत्रिणी आता हसत नाहीत.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पोटावरून दोन पक्ष पडले आहेत. दादाचं म्हणणं, "तिथं रांगेत मरशील. इथं ये, दोन दिवसांत सोक्षमोक्ष." आतेभाऊ हाडाचा समाजवादी. तो म्हणतो, "तिथं फुकट आहे, इथं नुसती लूट." पुण्यात एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवतीच्या नातेवाइकांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, त्या बाईचा मृत्यू झाला होता, तेव्हा हा वाद आठवडाभर पेटला होता. दोघेही बोलतात माझ्याच पोटाबद्दल, पण दोघांनाही ते लागतं फक्त आपापल्या मुद्द्याला पुरावा म्हणून.

आधी 'फुकट'चं सांगते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या बहुतेकांना आज वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, शिवाय पगारातून कर जातोच. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड. बिल येत नाही हे खरं, आणि त्याची किंमत मला कळते. पण तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, हे उद्दिष्ट इथल्या आरोग्यसेवेला २०१६ पासून गाठता आलेलं नाही. मला पोटाच्या तज्ज्ञांची भेट मिळायला अकरा महिने लागले.

पहिला आठवडा मात्र उत्तम गेला होता. रेल्वेनं पाऊण तासावर ब्रिस्टल आहे, तिथल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये शौचाच्या सात प्रकारांचा सचित्र तक्ता प्रसिद्ध केला, तो आता जगभर वापरतात. आमच्या जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, तो समोर धरला, मी बोट ठेवलं: सहा, कधी सात. केवढी लाज वाचली! 'मुरडा', 'आव', 'वायगोळा' हे शब्द मला इंग्रजीत आणता आले नसते. तिनं रक्त आणि शौचाचे नमुने घेतले. मी एक्कावन्न वर्षांची, म्हणून अंडाशयाच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणीही केली. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेल्या अशा तक्रारीला घाईनं आयबीएस (तपासणीत दोष न सापडणारा आतड्याचा त्रास) म्हणून मोकळं व्हायचं नाही, असा इथला नियम आहे. 'पाळी जातेय, होणारच' हे वाक्य मी पुढे दुसरीकडे दोनदा ऐकलं, तेव्हा तिची आठवण आली.

एक गोंधळ आमच्याच घरचा. वहिनीच्या सांगण्यावरून मी आधीच गहू बंद केला होता. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, तो सिलिॲक आजार. त्याची रक्ततपासणी ग्लुटेन खात असतानाच भरवशाची ठरते, त्यामुळे तो 'निगेटिव्ह' रिपोर्ट कुचकामी. पुन्हा सहा आठवडे रोज दोनदा पोळी-पाव खाऊन तपासणी करावी लागली. पोटाचे जे हाल झाले ते झाले, रिपोर्ट पुन्हा निगेटिव्हच. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात अखेर मिरजेला दाखवलं. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून आमच्या भागात आजार हाताबाहेर गेला की 'मिरजेला दाखवा' म्हणतात. सोमवारी डॉक्टर, मंगळवारी तोंडाकडून आणि खालून दुर्बीण, बुधवारी सीटी स्कॅन, शनिवारी बायोप्सीचा रिपोर्ट. बहिणीचं लग्न पार पाडल्यासारखा दादाचा चेहरा. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला किंचित सूज, बाकी विशेष काही नाही. डॉक्टर म्हणाले, "टीबी असू शकेल. सहा महिने गोळ्या घेऊन बघू."

इंग्लंडमधल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या डोळे विस्फारतात. मला त्या डॉक्टरांना वेड्यात काढायचं नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हा आतड्याला कायमची सूज आणणारा आजार, दोघांची आवडती जागा तीच, सूज आणि व्रण दिसायलाही एकमेकांसारखे. जगातले सुमारे चौथाई क्षयरुग्ण भारतात आहेत. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिली आणि निघाला क्षय, तर तो भडकतो. म्हणून आधी क्षयाची औषधं देऊन फरक पडतो का ते पाहणं, यामागे विचार आहे. पण एवढं मला कुणी समजावलं नाही. हे सगळं मी नंतर वाचून काढलं. तिथं समोर आली ती नुसती चिठ्ठी. त्याच शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टची वाटही न पाहता सांगितलं होतं, "टेन्शन घेऊ नका, योगा करा." एका आठवड्यात दोन ठाम उत्तरं मिळाली आणि ती एकमेकांना छेदणारी होती.

आणि ती चिठ्ठी! तपासणी अमुक लॅबमध्येच करा, असं त्यावर छापलेलंच होतं. कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेण्याविरुद्ध, कायदा करायचा म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मसुदा तयार झाला, कायदा झालाच नाही. माझ्या सीटी स्कॅनमध्ये कुणाचा वाटा होता की नव्हता, मला कळायला मार्ग नाही. कदाचित नसेलही. पण शंका एकदा आली की स्कॅन गरजेचा होता की नाही हे कळेनासं होतं, आणि मग त्यातून निघालेल्या 'काही नाही'वरही विश्वास बसत नाही. बत्तीस हजार गेले त्याहून मला हे जास्त लागलं. पैशांचं म्हणाल तर दादाचा मित्र म्हणालाच, "एक रात्र ॲडमिट दाखवू, विम्यातून निघतील." महात्मा फुले जनआरोग्य योजना घ्या की खासगी विमा, पैसे मिळतात ते मुख्यतः भरती झाल्यावर. आजाराला नाव मिळेपर्यंतची वणवण आपल्या खिशातून.

मी गोळ्या सुरू केल्या नाहीत. रिपोर्ट घेऊन परत आले. इथल्या तज्ज्ञ बाईंनी ते शांतपणे वाचले, सीडी पाहिली, शौचातला सूज दाखवणारा घटक पुन्हा तपासून घेतला, तो ठीक आला. मग म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मला अजून माहीत नाही." अडीच वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं आणि मला रडू आलं. आपल्याकडे डॉक्टरनं असं म्हटलं तर पेशंट दुसरा डॉक्टर गाठेल, हे डॉक्टरलाही ठाऊक असतं. त्यामुळे न कळण्यालाही काहीतरी नाव द्यावंच लागतं.

पण इथलं कौतुक फार करायला नको. तीन आठवड्यांनी पत्र आलं: गंभीर काही आढळलेलं नाही, आपल्याला या विभागातून मुक्त करण्यात येत आहे. कर्करोग नाही, क्रोन्स नाही, म्हणजे फाइल बंद. पुन्हा जीपी, तीही दर वेळी नवी, पुन्हा तोच तक्ता, पुन्हा सहा की सात. इथं माहीत नाही म्हणायला कुणी लाजत नाही, पण म्हटल्यावर पुढची तारीख देत नाहीत.

सांगलीत खणभागात आमचे एक डॉक्टर होते. पोटावर डावा हात ठेवून उजव्या हाताच्या बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "तीन दिवसांनी ये." तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं आठवत असायचं. (सगळ्यांना तेच लाल मिक्श्चर द्यायचे, हेही खरं.) तसा एक माणूस मिरजेत मला पैसे देऊन मिळाला नाही आणि इथे रांगेत उभं राहूनही.

मधल्या काळात आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवरून मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाची फॉडमॅप पद्धत, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणारे पदार्थ वगळायची, समजावली: कांदा, लसूण, गहू, हरभरा, दूध काही आठवडे बंद, मग एकेक परत आणायचं. मी म्हटलं, आमच्याकडे याला चातुर्मास म्हणतात. फरक इतकाच की कांदेनवमी करायची राहून गेली. त्यांच्या यादीत भाजणी नव्हती, थालीपीठ नव्हतं. हिंग चालेल म्हणाल्या, पण आपल्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे त्यांना मी सांगितलं. फरक पडला, अर्धामुर्धा.

आता एका नव्या जीपीनं हट्टानं परत पाठवलंय. यकृतातून येणारं पित्ताम्ल लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुन्हा शोषलं जायला हवं, तसं झालं नाही तर मोठ्या आतड्यात जाऊन जुलाब करतं. आयबीएसच्या नावाखाली हे पुष्कळदा सुटून जातं म्हणे. तपासायला किंचित किरणोत्सर्गी सेलेनियमची गोळी गिळायची, त्याच दिवशी स्कॅन आणि सात दिवसांनी पुन्हा. गोळीतलं पंधरा टक्क्यांहून कमी शरीरात उरलं तर उत्तर मिळालं. गोळी मंगळवारी गिळली.

रविवारी आईला हे सगळं समजावलं. ती क्षणभर गप्प होती.

"म्हणजे पित्तच ना गं? मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते?"

म्हटलं, ते पित्त वेगळं.

"वेगळं कसलं. आमसूल चघळ. आणि मंगळवारी फोन कर, काही निघालं का ते सांग."