बसून दोन, उभे शून्य

न्यू जर्सीत संसार थाटलेल्या मराठी माणसाने कोणती गाडी घ्यावी, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. पहिलं मूल झालं की सीआरव्ही, दुसरं झालं की ओडिसी नाहीतर सिएना, आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असले की मधली सीट किती पुढे सरकते ते बघायचं. "तुमच्या गाडीत जास्तीचे दोघं येतील का हो?" या प्रश्नाला झटकन 'हो' म्हणता आलं की मंडळात तुमची गणना सज्जनांत होते. अशा मुलखात मी 1996 सालची माझदा मियाटा विकत घेतली. सीट दोन. मागे सीट नाही, सीटची शक्यताही नाही. तिथे कापडी टप घडी घालून निजवायचा, की जागा संपली.

बायकोने गाडी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "मुलांपैकी कोणाला घरी ठेवायचं?"

अशा वेळी मी इतिहासाचा आधार घेतो. इंग्रजांनी एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा छोट्या उघड्या गाड्या केल्या. त्या दिसायला गोड, पण तेल गळण्यात आणि ढग आले की वीज घालवण्यात पटाईत. 1980 च्या आसपास त्यातल्या बहुतेकांनी मान टाकली. तशीच गाडी करा, फक्त सकाळी किल्ली फिरवल्यावर चालू होणारी करा, ही कल्पना बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंच्या डोक्यात घातली. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली आणि 2016 मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे ती घडवणाऱ्यांचं ध्येय होतं. माझ्याकडे बहुतेक शनिवारी घोडा चार स्टँडवर उभा असतो आणि स्वार त्याच्या पोटाखाली उताणा पडलेला असतो. एकजीव म्हणायला हरकत नाही.

गाडीची डिकी दाखवली की लोक उगाच हसतात. तिच्यात सुटं चाक आणि बॅटरी हे दोन कायमचे भाडेकरू राहतात. बॅटरी मागे ठेवल्याने पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळजवळ सारखं पडतं, हे मी अभिमानाने सांगतो. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून तांदळाचं पोतं आणायचं म्हटलं की ते शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावावा लागतो, हे सांगत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. विमानतळावर अर्थातच सिएना गेली. दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. बाबांनी मिरज आगारात कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेली. वाहन दिसलं की आधी आसनक्षमता.

"बसून किती?"

"दोन."

"आणि उभे?"

"बाबा, उभं कसं राहणार?"

"टप निघतो म्हणतोस ना? मग डोक्याला अडचण कसली?"

या गाडीत बसायची एक रीत आहे. आधी पाठ आत, मग बूड, मग एकेक पाय. उतरायला मात्र रीत नाही, नुसती आशा आहे. बाबांनी उतरताना माझा खांदा, दाराची चौकट आणि शेजाऱ्यांच्या झाडाची फांदी असे तीन आधार घेतले. पण एकदा बसले की खूश. या गाडीच्या सीटला डोकं टेकतो तिथेच छोटे स्पीकर आहेत. कॅसेट लावली आणि कुमार गंधर्व थेट बाबांच्या मानेमागून गायला लागले. त्यांनी दचकून मागे पाहिलं. मग कानटोपी वर सरकवून नीट टेकले आणि दाराच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली. डबल बेल. त्याशिवाय मी पहिला गिअर टाकलेला त्यांना चालत नसे.

गाडीतला पहिला मोठा दोषही त्यांनीच पकडला. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी आम्ही निघालो, पहिल्या वळणावर माझ्या मागून 'खळ्ळ' असा आवाज आला, दुसऱ्या वळणावर तोच आवाज उलट दिशेने.

"पाण्याचा कॅन ठेवलायस का मागे?"

"नाही."

"मग गाडी पाणी घेऊन चाललीय. गळणारी गाडी समजू शकतो रे. ही तर साठवते!"

बाबांचं निदान तंतोतंत होतं. कापडी टपाच्या मागच्या कडेला आतून एक पन्हळ असते. टपावरून ओघळलेलं पाणी त्या पन्हळीत जमतं, सीटमागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांत उतरतं आणि नळीवाटे मागच्या चाकांच्या पुढे रस्त्यावर पडतं. कागदावर ही योजना सुरेख आहे. न्यू जर्सीत मात्र ओक आणि मेपल आहेत. त्यांच्या पानांचा चुरा भोकात जाऊन बसतो, त्याचा लगदा होतो, आणि मग पाणी सतरंजीखाली आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात मुक्कामाला येतं. तो पत्रा आतून गंजायला लागला की बाहेरून फोड दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. या वयाच्या मियाटा इंजिनाने मरत नाहीत, याच पत्र्याने मरतात. म्हणून तर रस्त्यावर मीठ पडायला लागलं की माझी गाडी मार्चपर्यंत गॅरेजमध्ये पांघरुणाखाली असते, आणि बायको त्या मापाकडे बघून इथे फ्रीझर किती छान बसला असता याचा विचार करते.

उपाय साधा आहे. गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी घ्यायची, टोक बोथट करायचं, सीट पुढे ओढून गुडघ्यांवर बसायचं आणि हळूहळू आत सारायची. जोर केला तर खालची नळी निसटते आणि पाणी कायमचं आपल्याकडे राहायला येतं. मी दोरी फिरवत होतो, बाबा मागच्या चाकापाशी उकिडवे बसून खबर देत होते. "काही नाही. काही नाही. थेंब आला. थांब, काळं काहीतरी डोकावतंय." मग भस्सकन चहाच्या चोथ्यासारखा लगदा बाहेर पडला आणि पाठोपाठ पाण्याची धार. त्यांच्या चपला भिजल्या, पण चेहऱ्यावर विहिरीला पाणी लागल्याचा आनंद होता.

पुढचा नंबर क्लचचा. एके सकाळी क्लचचं पायडल खाली गेलं आणि खालीच राहिलं. या गाड्यांचा हा जुना, सर्वांना ठाऊक असलेला आजार. गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचं एक छोटं सिलिंडर असतं, त्यातलं रबर झिजतं आणि ऑइल पाझरतं. पार्ट स्वस्त, जागा अवघड. तो बदलला तरी काम संपत नाही, नळीत शिरलेली हवा काढावी लागते. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून बारीक नट सैल करायचा, बुडबुडे निघाले की घट्ट करायचा, मगच वरच्याने पाय सोडायचा. क्रम चुकला की हवा परत आत.

बायको ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. आई मोकळी होती.

"अरे, मला गाडी येत नाही."

"चालवायची नाही, आई. फक्त डावा पाय."

आई पदर खोचून आत बसली. मी खाली सरपटलो आणि ओरडलो, "दाब!" आता, आईने घरच्या शिवणयंत्रावर आम्हा भावंडांचे कपडे, गल्लीतली परकर-पोलकी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अंगरखे शिवलेले. पायाखाली पायडल आलं की तिचा पाय थांबतच नाही. खटखटखटखट.

"आई, दाबून धर!"

"धरलंय की." खटखटखट.

तोवर ऑइलची एक धार माझ्या चष्म्यावरून कानात पोचली होती. हे ऑइल रंगाची सालं काढतं, कानाचं काय करतं ते कुठे वाचलेलं नाही. शेवटी बाबांनी सूत्रं हातात घेतली. "तिला तोंडी सांगून उपयोग नाही, चाळीस वर्षं बघतोय. बेल ठरवू." बॉनेटवर एक ठोका म्हणजे धर, दोन ठोके म्हणजे सोड. मी खालून हाक द्यायची, बाबांनी ठोका द्यायचा. अर्ध्या तासात पायडल कडक. आई उतरताना एवढंच म्हणाली, "मशीनला तेल दिलं तर ते कपड्यावर पडतं, तुझ्या गाडीचं तुझ्यावरच पडतं."

तेलाचा विषय निघालाच आहे तर ऑइल फिल्टरचंही सांगतो. तो इंजिनाच्या अंगाला, हवेच्या नळ्यांच्या जंजाळाखाली बसवलाय. हात आत जातो, फिल्टर हाताला लागतो, पण हात आणि फिल्टर एकाच वेळी बाहेर येत नाहीत. तो सैल झाला की गरम तेल मनगटापासून कोपरापर्यंत हळूच उतरतं. ज्याने ही जागा ठरवली त्याच्या घरी कोणी लग्नाळू मुलगी असेल तर मी स्थळ सुचवणार नाही.

आता फेरफार. फार काही केलं नाही, असं मी बायकोला सांगतो. सायलेन्सर बदलला. मूळचा एवढा सभ्य होता की गाडी चालू आहे की नाही ते काट्यावर बघावं लागे. नव्याचा आवाज घोगरा, भरदार. बायकोने गॅलरीतून ऐकलं.

"फुटला वाटतं सायलेन्सर. किती सांगितले दुरुस्तीचे?"

"फुटला नाही. नवीन घातला."

ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे तू पैसे देऊन फोडून घेतलास?"

दुसरा फेरफार कोणालाच दिसत नाही, ऐकूही येत नाही, आणि सगळ्यात महाग तोच पडला. पैशांत नाही, झोपेत. 1995 पासूनच्या या गाड्यांत ऑइलच्या दाबाचा काटा शोभेचा आहे. आतमध्ये साधं बटण. थोडासा दाब असला की काटा टुणकन मध्यावर येतो आणि तिथेच ठिय्या देतो. त्याआधीच्या गाड्यांत काटा खरा होता: गाडी पळवली की चढायचा, तापून सिग्नलला उभी राहिली की खाली यायचा. दाब तसा उतरणं अगदी नैसर्गिक आहे, पण तो दिसला की मालकांचा जीव खालीवर होतो. मला सत्याची आवड. मी जुन्या गाडीचा काटा आणि त्याचा सेन्सर शोधून आणला आणि बसवला. तेव्हापासून प्रत्येक सिग्नलला काटा सावकाश खाली उतरतो आणि मी नकळत श्वास रोखतो. मुलांनी यालाही नाव ठेवलंय, 'बाबांचा बीपी'. तरी मी तो काढणार नाही. खोट्या काट्याकडे बघून निवांत राहणारी माणसं मला मुळातच संशयास्पद वाटतात.

सरकारी तपासणीत फार वेळ घालवत नाही. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी गाडीचा धूर तपासतात, आणि 1995 किंवा त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना त्यातून माफी आहे. माझी 1996 ची. एका वर्षासाठी हुकलेल्या पेन्शनीचं दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको. सायलेन्सरच्या त्या कामानंतर चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात विझला. देव आहे.

आणि मग गणपती आले. वर्षभर 'तुमची ती खेळण्यातली गाडी' म्हणणाऱ्या मंडळाच्या कार्यवाहांचा फोन आला. मिरवणुकीला उघडी गाडी हवी होती, आणि अख्ख्या मंडळात एकाच घरी ती होती. ओडिसीवाले सज्जन त्या दिवशी नुसतेच सज्जन राहिले.

बाप्पा माझ्या उजव्या हाताला बसले. खाली घडी घातलेली सतरंजी, छातीवर तिरपा पट्टा. पुढे ढोल-ताशा, दोन्ही अंगांना झांजा, आणि शाळेच्या पार्किंगमध्ये आमची गोगलगायीला लाजवणारी चाल. लहान मुलांनी दिवे उघडायचं बटण शोधून काढलं. या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमधून वर उगवतात, माझा डावा लहर लागेल तसा उगवतो. मग बॉनेट उघडून आतली गुंडी हाताने फिरवावी लागते. मिरवणुकीच्या मध्यावर बाप्पांचं वाहन लोकांना एक डोळा मारत चाललं होतं. त्यावर बायका खुदखुदत होत्या आणि गुरुजी दुसरीकडे बघत होते. अर्ध्या क्लचवर माझ्या पोटरीत गोळा आला. इंजिन तापलं आणि खरा काटा उतरू लागला. मी शेजारी पाहिलं. ज्यांच्याकडे गाऱ्हाणं घालायचं, ते पट्टा लावून स्वस्थ बसले होते. दाराशी चालत असलेले बाबा पथक थांबलं की एक ठोका आणि हललं की दोन ठोके देत होते, आणि आसपासच्यांना सांगत होते, "घाई करू नका, गाडी रिकामी जातेय."

विसर्जन झालं. टप उघडाच असल्याने पन्हळीत गुलाल, झेंडूच्या पाकळ्या आणि कोणीतरी उधळलेले चुरमुरे गच्च भरले होते. मी नायलॉनची दोरी काढायला डिकी उघडली, तोच कार्यवाह आले. चेहरा कधी नव्हे इतका आदबशीर.

"फार शोभा आली हो गाडीमुळे. पुढच्या वर्षी अध्यक्षांनाही बाप्पांबरोबर बसायचंय. मागे एखादी फळी टाकून तिसरी सीट होईल का?"

मी तोंड उघडण्याआधी बाबा टपाच्या खाचेत वाकले आणि वीत टाकून मोजायला लागले.