परत करायची तारीख

परवा ऑफिसात डबा खाताना एक मैत्रीण म्हणाली, "तुला बाई जमतं वाचायला. मला घर, नोकरी, पोरांचे क्लास यातून श्वास घ्यायला फुरसत नाही." तिला उत्तर द्यायच्या आत सुट्टी संपली. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितेय.

फुरसत मलाही नाही. घर पंचवटीत, नोकरी सातपूरला एमआयडीसीत, अकाउंट्सला. जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की घरी यायला आठ-साडेआठ होतात. घरी सासूबाई, नवरा आणि नववीतली लेक. लग्नाआधी महिन्याला चार-पाच पुस्तकं सहज व्हायची. नंतरच्या दहा-बारा वर्षांत मिळून किती वाचली, ते मोजायला दोन हातांची बोटंसुद्धा जास्त झाली असती.

विकत घेणं मात्र थांबलं नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं साहित्य संमेलन आपल्या नाशकात झालं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून मी अकरा पुस्तकं उचलून आणली. दोन्ही हातांत पिशव्या, मन भरून आलेलं. वर्षभराने कपाट आवरताना पाहिलं, तर त्यातली दोन वाचून झाली होती. उरलेल्या नऊंची पानं तशीच कोरी करकरीत. त्या दिवशी कपाटासमोर बसून मला खरंच रडू आलं.

मग विचार करायला लागले की वेळ जातो कुठे. आणि लक्षात आलं की संध्याकाळी मी सोफ्यावर फोन घेऊन अर्धा-पाऊण तास बसते, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. पुस्तक घेऊन बसले की पाच मिनिटांत हाक येते. मेथी निवडायची राहिलीय, दळण आणायचंय, लेकीचा शाळेचा दुपट्टा सापडत नाहीये. घरातली माणसं वाईट नाहीत हो. पण बाईच्या हातात पुस्तक दिसलं म्हणजे ती रिकामी बसलीय, ही समजूत आपल्याकडे फार खोल मुरलेली आहे. माझ्यातही मुरली होती. दोन पानं झाली की मलाच चुकल्यासारखं व्हायचं आणि कुणी हाक मारायच्या आधीच मी उठून ओट्याशी जायचे.

गाडी रुळावर आली ती सावानामुळे. टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय. १८४० सालचं. हिंदुस्थानात पहिली आगगाडी धावली १८५३ साली, म्हणजे त्याच्याही तेरा वर्षं आधी नाशकात वाचनालय होतं! ज्या गावाला एवढा जुना वारसा आहे, तिथे राहून मी कितीतरी वर्षं त्या दारासमोरून भाजीची पिशवी घेऊन मेन रोडला जात होते. एका शनिवारी आत शिरले आणि सभासद झाले.

पहिलं पुस्तक अजून डोळ्यांसमोर आहे. जाड बाइंडिंग, कोपरे झिजून मऊ पडलेले. शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांचा कागद डकवलेला, काही शिक्के निळे, काही जांभळे, जुने अगदी पुसट. मध्ये एका परिच्छेदाशेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात "खरंय" एवढंच लिहिलेलं. कोण असेल, कधी वाचलं असेल, काही ठाऊक नाही. पण मी त्या ओळीपाशी थांबले आणि मलाही ते खरं वाटलं.

तर, त्या आठवड्यात नेहमीप्रमाणे हाक आली. मी म्हटलं, "आई, हे शनिवारी परत करायचंय." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग वाच की, उगाच दंड कशाला भरायचा. मेथी मी निवडते."

मी थक्क झाले. "मला वाचायचंय" या वाक्याला घरात किंमत नव्हती, "परत करायचंय" याला होती. परत करायची तारीख म्हणजे वीजबिलाच्या तारखेसारखी, ती सगळ्यांना कळते. स्वतःच्या पुस्तकाला तारीख नसते, म्हणून ते कायम उद्यावर जातं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: ज्यांना वाचन सुटल्याची हळहळ आहे, त्यांनी आधी पुस्तकं विकत घेणं थोडं थांबवावं आणि वाचनालयातून आणून वाचावं. लेखक-प्रकाशक जगले पाहिजेत, हे मला मान्य आहे. एखादं पुस्तक वाचून फार आवडलं की मी ते विकत घेतेच. पण आधी वाचून.

बाकी हिशोब साधा आहे. निमाणीहून सिटीलिंकची बस पकडते. सकाळी उभं राहावं लागतं, तेव्हा वाचन होत नाही. संध्याकाळी परतताना बसायला मिळतं, त्यात बारा-एक पानं होतात. फोन पर्समध्ये तळाशी आणि पुस्तक वर, एवढं पाळावं लागतं, कारण हाताला जे आधी लागतं तेच बाहेर निघतं. रात्री झोपण्याआधी सात-आठ पानं. आठवड्याला सव्वाशेच्या आसपास जातात. अडीचशे पानांची कादंबरी दोन आठवड्यांत संपते, आणि त्यासाठी एकही काम मागे पडत नाही.

पन्नास पानांपर्यंत मन लागलं नाही तर पुस्तक तसंच परत. आधी हे मला पाप वाटायचं. नावाजलेलं पुस्तक अर्धवट कसं सोडायचं? त्या नादात एकेक पुस्तक उशाशी तीन-तीन महिने पडून राहायचं आणि त्याच्यामुळे दुसरंही अडायचं.

ज्यांची सवय पूर्ण तुटलीय, त्यांनी दिवाळी अंकांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. एक कथा, एक लेख, बसल्या बैठकीला संपतो, आणि काहीतरी पूर्ण वाचल्याचा आनंद फार दिवसांनी मिळतो. १९०९ पासूनची ही परंपरा आपल्या भाषेने जपलीय. बऱ्याच वाचनालयांत थोडी वर्गणी भरली की दिवाळीनंतर कितीतरी महिने अंक बदलून नेता येतात. पुस्तकं ऐकण्याबद्दल लोक विचारतात. कणीक मळताना, कपड्यांच्या घड्या घालताना मी गोष्टी ऐकते आणि त्याला वाचनच म्हणते. कविता मात्र मला डोळ्यांनीच हवी. ओळ संपते तिथे थांबता आलं पाहिजे.

आणि वाचनालय लांब पडत असेल तर? कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम नाशकातूनच २००९ साली सुरू झाला. वाचकांच्या एका गटाकडे पुस्तकांची पेटी येते, सगळ्यांनी ती वाचायची, ठरलेल्या मुदतीने ती पुढे जाते आणि दुसरी येते. ही पेटी दुबईच्या मराठी माणसांपर्यंत पोचली. आपल्या सोसायटीत, आपल्या कंपनीत का नको? २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, जन्मदिवशी आपण ढीगभर शुभेच्छा पाठवतो. त्या दिवशी पाच-दहा जणांनी मिळून पेटीसाठी विचारलं, तर मला जास्त बरं वाटेल.

वर्षाला शंभर पुस्तकं वाचण्याचे संकल्प मला पटत नाहीत. आकड्यामागे लागलं की बारीक बारीक पुस्तकं शोधली जातात, जाडजूड मागे राहतात. मागच्या वर्षी माझी एकवीस झाली. त्यातलं एक इतकं आत गेलं की तीन दिवस दुसरं काही हातात धरवेना.

घरातही बदल झालाय. लेक मोबाइल सोडत नाही ही तक्रार अजून आहे, ती संपलेली नाही. पण मागच्या महिन्यात मी सावानात जाताना सासूबाईंनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी मोठ्या टायपातलं काही मिळतं का बघ." त्यांचं शिक्षण सातवीत थांबलं होतं. आता दुपारी त्या खिडकीपाशी बसतात, एकेक ओळ बोटाने धरत, ओठ हलवत. तेव्हा त्यांना हाक मारायची नाही, हा नियम घरात मी केलाय.

जेवणं झालीत, आज इथेच थांबते. माझ्याकडचं पुस्तक शनिवारी परत करायचंय आणि चाळीस पानं राहिलीत.