तारीख आधी सांगायला काय जातं?

आमच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळेचं साप्ताहिक पत्रक येतं शुक्रवारी रात्री. सोमवारी मुलांनी काय घालून यायचं, ते असतं आठव्या पानावर, फोटोंच्या ढिगाखाली. अक्षरशः चीड येते! संयुक्त राष्ट्र दिन 1948 पासून दरवर्षी 24 ऑक्टोबरलाच असतो. मग त्या दिवशी आपापल्या देशाचा पोशाख घालून या, हे ऐनवेळी का कळतं? नुकतेच परक्या देशात आलेले, सामान अजून खोक्यांत, त्या आईबापांनी पोशाख आणायचा कुठून?

त्याहून जिव्हारी लागतं ते पीवायपी एक्झिबिशनचं. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या प्राथमिक टप्प्याच्या, म्हणजेच पीवायपीच्या, शेवटच्या वर्षी मुलं एकच प्रश्न घेऊन कितीतरी आठवडे राबतात, माणसांना भेटतात, माहिती जमवतात, तक्ते रंगवतात. आणि ते बघायला आम्हाला बोलावणार कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊला, दोन दिवस आधी कळवून! इतक्या ऐनवेळी रजा कोण देतं? पोरगं तक्त्याशेजारी उभं राहून सारखं दाराकडे बघत असतं हो. कुणीच आलं नाही की शिक्षिकेलाच दुसऱ्यांदा सगळं समजावून सांगतं.

वर्षाचं वेळापत्रक तुमच्याकडे तयार असतं ना? मग तारखा महिनाभर आधी, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत द्या.