एम.फिल. गेलं, त्याची जागा कशाने भरायची?

एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधलं, संशोधन शिकवणारं एम.फिल. बंद झालं याचं मला अजून वाईट वाटतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने ते मोडीत काढलं, नोव्हेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांतून ते गेलं. पीएच.डी.च्या वाटेवर उगाच दोन वर्षं जायची, असं म्हणणारे माझेच सहकारी आहेत.

माझी दोन वर्षं उगाच गेली नाहीत. आमच्या घरात एम.ए.पर्यंत पोचलेली मी पहिलीच. संशोधन म्हणजे चार पुस्तकांतून उतरवून काढणं, एवढीच समजूत. विषय घेतला आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांचा. चाळीस जणींचे फॉर्म भरून आणले. माझ्या गाइड मॅडमनी ‘मासिक उत्पन्न’ हा रकाना बघितला आणि विचारलं, “अगं, त्या महिन्याचा हिशेब ठेवतात का?” नव्हत्या ठेवत. त्यांचा हिशेब या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. त्यात उधारी, टेम्पोचं भाडं, उरून सुकलेली मेथी. चाळीसही फॉर्म बाजूला ठेवले आणि परत बाजारात जाऊन बसले. चार महिने गेले. संशोधन मी त्या चार महिन्यांत शिकले.

ही चूक परवडली, कारण नियमांतच सवड होती. २०१६च्या नियमांप्रमाणे कमीत कमी दोन सत्रं, जास्तीत जास्त चार. बायकांना वर आणखी एक वर्ष. कोर्सवर्कला ५५ टक्के हवेत, लघुप्रबंध देण्याआधी परिषदेत एक तरी पेपर वाचायचा, मग सगळ्यांसमोर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. आणि सहायक प्राध्यापकाकडे एम.फिल.चा एका वेळी एकच विद्यार्थी.

आता महाराष्ट्रात दोन वर्षांच्या एम.ए.त ८८ क्रेडिट असतात, त्यातले शोधप्रकल्पाला १०: तिसऱ्या सत्रात ४, चौथ्यात ६. प्रत्येक मुलाच्या हाताला संशोधन लागावं, हा विचार मला मनापासून पटतो. पण माझ्याकडे यंदा अकरा प्रकल्प आहेत, शिवाय रोजचे तास. दुसरं वर्ष पूर्ण संशोधनाला देता येईल असं धोरणातच लिहिलंय. मग तसं द्या, आणि एका गाइडकडे किती मुलं याला मर्यादा घाला.

मागच्या महिन्यात एक मुलगी वीटभट्टीवरच्या कुटुंबांचे फॉर्म घेऊन आली. तोच रकाना, मासिक उत्पन्न. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, वर हंगामाआधी घेतलेली उचल फिटत असते. प्रकल्प जमा करायला बारा दिवस उरले होते. तिला परत भट्टीवर जा म्हणून मला सांगता आलं नाही.