रेगनच्या घरातली भाऊबंदकी

2025 च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने अमेरिकन टीव्हीवर एक मिनिटाची जाहिरात दिली. आवाज रोनाल्ड रेगन यांचा, म्हणजे 1981 ते 1989 मधल्या रिपब्लिकन अध्यक्षांचा. आयात कराने शेवटी नुकसान अमेरिकन कामगाराचं आणि गिऱ्हाइकाचंच होतं, असं ते सांगताहेत. ट्रम्प इतके भडकले की त्यांनी कॅनडाशी चाललेली व्यापार बोलणी थांबवली. आणि मग सुरू झाला फॉरवर्डचा पाऊस. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘रेगनच्या काळी रिपब्लिकन पक्ष एकदिलाचा होता. मुक्त व्यापार, रशियाशी कणखरपणा, स्थलांतरितांचं स्वागत. 2016 मध्ये बाहेरून एक माणूस आला आणि त्याने हा पक्ष पळवला.’

शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतो. बाकीचं बहुतेक आठवणींनी उजळवलेलं चित्र आहे.

व्यापारापासून सुरुवात करू, कारण जाहिरातीतलं ते भाषण कुणी पूर्ण ऐकलेलंच दिसत नाही. ते 25 एप्रिल 1987 चं, रेडिओवरचं. जपानचे पंतप्रधान नाकासोने वॉशिंग्टनला यायचे होते. आदल्याच आठवड्यात रेगननी जपानी मालावर आयात कर लावला होता. सेमीकंडक्टरचा करार जपानने पाळला नाही म्हणून काही संगणक, टीव्ही आणि हातयंत्रांवर चक्क 100 टक्के. म्हणजे मुक्त व्यापाराचे गोडवे गाणारं हे भाषण मुळात स्वतः लावलेल्या कराचा खुलासा होता! हे पाऊल जिवावर आलं होतं, असंही ते त्यात सांगतात. जाहिरातवाल्यांनी खुलासा गाळला आणि गोडवे ठेवले. ट्रम्पनी जाहिरात खोटी ठरवली, पण शब्द रेगन यांचेच होते, फक्त मागेपुढे जोडलेले.

हे एकदाच घडलं असंही नाही. 1981 मध्ये जपानकडून ‘स्वेच्छेने’ मोटारींची निर्यात आवरून घेतली (ही स्वेच्छा कशी असते ते आपल्याकडे गणपतीची वर्गणी देणाऱ्याला विचारा). 1983 मध्ये 700 सीसीवरच्या परदेशी मोटरसायकलींवर 45 टक्के जादा कर लावला, हार्ले-डेव्हिडसन तगावी म्हणून. रेगन मनाने मुक्त व्यापाराचे होते यात मला शंका नाही. कॅनडाशी मुक्त व्यापार करारही त्यांनीच केला. पण पोथीत एक आणि फाइलवर एक, असा हा प्रकार होता.

आता ‘एकदिलाचा पक्ष’. ‘रिपब्लिकनाने रिपब्लिकनाबद्दल वाईट बोलू नये’ हे तथाकथित अकरावं फर्मान रेगननीच लोकप्रिय केलं. त्याच रेगननी 1976 मध्ये पदावर असलेल्या स्वपक्षाच्या अध्यक्षाला, जेराल्ड फोर्डना, उमेदवारीसाठी आव्हान दिलं. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात मतं पडली फोर्ड 1187, रेगन 1070. फोर्ड जेमतेम तगले आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅट कार्टरकडून हरले. फोर्डच्या गोटातले अनेक जण हे रेगनना शेवटपर्यंत विसरले नाहीत.

बरं, सत्तेत आल्यावर तरी शांतता होती का? 1982 मध्ये तूट आवरायला रेगननी करवाढीच्या विधेयकावर सही केली, तेव्हा विरोधाला उभे राहिले जॅक केम्प आणि न्यूट गिंग्रिच हे रिपब्लिकन खासदार, दोघंही त्यांचेच चेले. आणि खरा तमाशा झाला 1987-88 मध्ये. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार झाला आणि कट्टर उजवे बिथरले. हॉवर्ड फिलिप्स या उजव्या संघटकाने रेगनना सोव्हिएत प्रचाराचा ‘उपयोगी मूर्ख’ म्हटलं. वर्तमानपत्रात जाहिरात आली: रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या जोडीला चेंबरलेन आणि हिटलर यांचे फोटो. अर्थ एवढाच, की 1938 मध्ये म्युनिकला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरपुढे झुकले, तेच हा माणूस आता करतोय. हे डेमोक्रॅट म्हणत नव्हते, रेगनना निवडून आणणारे म्हणत होते. सिनेटमध्ये करार 93 विरुद्ध 5 ने मंजूर झाला. त्या पाचांपैकी चार रिपब्लिकन.

आज ज्या फोटोपुढे ट्रम्पवाले आणि ट्रम्पविरोधी असे पक्षातले दोन्ही गट उदबत्ती लावतात, त्याच माणसाला हयातीत घरच्यांनी हे ऐकवलं होतं.

स्थलांतरितांचा मुद्दा अमेरिकेतल्या मराठी घरांत जास्त चघळला जातो. ते साहजिक आहे. सप्टेंबर 2025 मध्ये कुशल परदेशी कामगारांसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा ‘रेगन असते तर...’ असे उसासे ऐकू आले. रेगननी 1986 मध्ये कागदपत्रं नसलेल्यांना कायदेशीर करणारा कायदा केला, त्याचा लाभ सुमारे 27 लाख लोकांना झाला, हे खरं. पण कनिष्ठ सभागृहात त्यांच्याच पक्षाच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी त्याविरुद्ध मत दिलं होतं. ‘माफी’ हा शब्द उजव्या गोटात शिवीसारखा वापरला जातो, त्यामागे बऱ्याच अंशी हाच कायदा आहे. आणि एच-वन-बी हा वर्ग 1990 च्या कायद्याने आला, सही रेगननंतरचे अध्यक्ष थोरले बुश यांची. डिसेंबर 2024 मध्ये याच व्हिसावरून एका बाजूला उद्योगपती मस्क, रामस्वामी आणि दुसऱ्या बाजूला ट्रम्पचे जुने सल्लागार बॅनन, असे ट्रम्पचेच लोक एकमेकांवर तुटून पडले.

राहिलं ‘बाहेरून आलेला माणूस’. ‘अमेरिका फर्स्ट’ ही घोषणा घेऊन, स्थलांतर, परदेशी व्यापार आणि परदेशातली युद्धं या तिन्हींवर हल्ला चढवत पॅट ब्युकॅनन 1992 मध्ये थोरल्या बुशविरुद्ध उभे राहिले. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) त्यांना 37 टक्के मतं मिळाली. हे गृहस्थ कोण? निक्सनचे भाषणलेखक आणि रेगनच्या व्हाइट हाउसमधले संपर्क संचालक. इतकं आतलं माणूस शोधून सापडायचं नाही. आणखी मागे गेलात तर उमेदवारीची अशीच भांडणं: 1964 चे गोल्डवॉटर-रॉकफेलर, 1952 चे आयझेनहॉवर-टाफ्ट, 1912 चे थिओडोर रूझवेल्ट आणि पहिले टाफ्ट (1952 वाल्यांचे वडील). दर पिढीला तोच वाडा, तीच वाटणी.

ट्रम्पनी केलं ते एवढंच, की हरत आलेल्या भावाची बाजू जिंकवली. फेब्रुवारी 2016 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या उमेदवारांच्या चर्चेत त्यांनी जेब बुशच्या, म्हणजे इराक युद्ध सुरू करणाऱ्या धाकट्या बुशच्या भावाच्या, तोंडावर ते युद्ध ही घोडचूक होती असं सांगितलं. सभागृहाने हुर्यो उडवली. आठवड्याने ट्रम्पनी ते राज्य जिंकलं, आणि जेब त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. सभागृहात बसलेले आणि रांगेत उभं राहून मत देणारे वेगळे होते, हे पक्षाच्या वरच्या मजल्याला तोवर कळलंच नव्हतं.

आता ते थोडं तथ्य. जुन्या भांडणांत, 1912 चे रूझवेल्ट सोडले तर, हरलेला निकाल बहुधा मानायचा. 1976 मध्ये रेगननी मानला, 1992 मध्ये ब्युकॅनननी ह्यूस्टनच्या अधिवेशनात बुशना पाठिंबा दिला. 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प हरले, तो निकाल मानायचा की नाही यावरून जे झालं ते मात्र कर किंवा व्हिसाच्या भांडणासारखं नाही. तो निकाल मानणाऱ्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी त्यापायी 2022 मध्ये वायोमिंगची प्राथमिक फेरी सुमारे 37 टक्क्यांच्या फरकाने हरल्या. धोरणाच्या बाबतीत त्या पक्क्या उजव्या. कनिष्ठ सभागृहातल्या वायोमिंगच्या त्या एकुलत्या जागेवर रेगन यांची सगळी कारकीर्द लिझ यांचे वडील डिक चेनी बसले होते.